पावणेपाचाला एक मिनिट कमी

ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात ज्याने पस्तीस वर्षे काढली, त्याचा कान शब्दांकडे एकदम जात नाही; गाणाऱ्याने ओळीच्या कोणत्या वळणावर श्वास घेतला, तो पुरला की ओढून आणावा लागला, याची नोंद मनाच्या दप्तरात झाल्यावरच तो अर्थाकडे वळतो. जे-झी या अमेरिकन रॅपरचा ‘४:४४’ हा अल्बम ३० जून २०१७ रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा मी तो याच सवयीने ऐकावयास बसलो, आणि जेमतेम छत्तीस मिनिटांच्या त्या दहा गाण्यांनी माझ्या हातून फार पूर्वी घडलेली एक चूक माझ्यापुढे पुन्हा आणून उभी केली.

ब्रुकलिनमधील मार्सी हाउसेस या सरकारी वसाहतीत वाढलेल्या या माणसाचा पहिला अल्बम १९९६ सालचा. हा तेरावा, आणि वय सत्तेचाळीस. ज्या कलेत पंचविशीतला दम, वेग आणि आढ्यता हेच भांडवल मानले जाते, तिथे या वयाला काय उरते, असा प्रश्न कोणालाही पडावा. उरते ती कैफियत. पहाटे ४ वाजून ४४ मिनिटांनी त्याला जाग आली आणि त्या वेळेचेच नाव धारण करणारे, पत्नी बियॉन्सेची क्षमा मागणारे गीत रचले गेले. पावणेपाचाला एक मिनिट कमी असताना घरात दुसरे कोणी जागे नसते. ज्याच्यापुढे आपली बाजू रंगवून मांडावी असा श्रोताच तेव्हा नसल्यामुळे माणसाला स्वतःशी खोटे बोलणे जड जाते.

जे-झी आपल्या रचना कागदावर उतरवीत नाही, डोक्यातच बांधतो, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु तिचे मोल ध्वनिमुद्रकाला जितके कळते तितके इतरांना कळत नसावे. हाती कागद धरून म्हणणाऱ्याची मान नकळत खाली जाते, तोंड मायक्रोफोनच्या अक्षावरून ढळते, आवाजातली वरची धार बोथट होते, आणि डोळा पुढच्या ओळीवर धावल्यामुळे चालू ओळीचा शेवट निर्जीव पडतो. कागद नसला की ओळ संपते तिथे माणूस खरोखर थांबतो, कारण पुढची ओळ त्याला आतून आणावयाची असते. या अल्बममध्ये तो थांबा जागोजागी ऐकू येतो, आणि मला तो त्यातील सर्वांत मौल्यवान ऐवज वाटतो.

सर्व गाण्यांचा निर्माता एकच, शिकागोचा नो आय. डी. जुन्या ध्वनिमुद्रिकांतून त्याने जे तुकडे घेतले, ते सजावटीसाठी नव्हेत. नीना सिमोनचे १९६६ सालचे ‘फोर विमेन’ तो चिरतो, आणि त्यातील शब्दांची शकले वर्णाच्या प्रश्नावर बोलणाऱ्या रॅपरच्या मागे साक्षीदारासारखी उभी राहतात. शीर्षकगीतात त्याने योजना केली ती हॅना विल्यम्स या इंग्रज गायिकेच्या आवाजाची. क्षमायाचनेच्या मागे स्त्रीकंठ ठेवावयाचा, तर फिर्यादीचा सूर ठेवणे सोपे होते. पण हॅना विल्यम्सच्या त्या गीतात गाणारी स्त्रीही आपल्याच उणिवेची कबुली देत आहे. एका कबुलीजबाबाला दुसऱ्या कबुलीजबाबाचा आधार देण्याची ही निवड मला उच्च प्रतीच्या कारागिरीची वाटते. या अल्बमला ग्रॅमीची आठ नामांकने मिळाली, पारितोषिक एकही नाही. त्याचा खेद मला वाटत नाही.

‘स्माइल’ या गीताच्या अखेरीस त्याची आई, ग्लोरिया कार्टर, स्वतः बोलते. आयुष्यभर झाकून ठेवावे लागलेले आपले प्रेम एका स्त्रीवरचे आहे, हे त्या गीतातून प्रकट झाले. तिचा आवाज व्यावसायिक नाही, आणि तसा तो करण्याचा प्रयत्नही कोणी केलेला नाही. येथे मला, माझी ती जुनी चूक ज्यांच्या बाबतीत घडली, ते वृद्ध शाहीर आठवले.

सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थांचा पोवाडा मी पाव इंची फितीवर मुद्रित केला होता. कडव्याकडव्याला त्यांना धाप लागे. सेकंदाला पंधरा इंच वेगाने धावणाऱ्या फितीवर अर्ध्या सेकंदाचा श्वास म्हणजे साडेसात इंचांचा तुकडा. असे तुकडे मी रात्रभर बसून पात्याने कापले, सांधे बेमालूम जुळवले, आणि सकाळी मोठ्या अभिमानाने तो पोवाडा त्यांना ऐकवला. त्यांनी तो शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकला आणि म्हणाले, “बाळ, हा गडी दमत नाही. हा मी नव्हे.” मी तुकडे परत जोडून देतो म्हणालो. परंतु स्टुडिओ तोवर झाडून झाला होता, आणि केराची टोपली रिकामी होती.