तिसऱ्या घंटेआधी

नाटकाला जायचं ठरलं की आमच्या घरात पहिला प्रश्न 'नाटक कोणतं' हा नसतो. पहिला प्रश्न असतो 'खायचं कुठे', आणि त्याच्या मागोमाग 'मगरिब कुठे'. हे दोन प्रश्न सुटले तरच तिकिटं काढली जातात. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत नाटक पाहणं याच दोन प्रश्नांपाशी अडून राहिलं आहे. भाषेची अडचण म्हणावी तर मराठी घराघरांत बोलली जाते. तिकीटही लग्नातल्या एका आहेरापेक्षा महाग नसतं. अडतं ते संध्याकाळच्या तीन तासांवर.

आम्ही दोघंही शिक्षक. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. आमच्या वर्गातली मुलं धडा बिनचूक वाचतात, व्याकरणात गुण मिळवतात. पण मराठीत भांडा, थट्टा करा, रुसून दाखवा म्हटलं की गप्प होतात. अशी मराठी पाठ्यपुस्तकात फारशी भेटत नाही. ती नाट्यगृहात पंधराव्या रांगेपर्यंत ऐकू येते. म्हणून घरची मुलं, अम्मी, कधी शाळेतली चार मुलं असा आमचा काफिला वर्षातून तीन-चारदा मुंब्र्याहून लोकलने मुंबईत उतरतो. या फेऱ्यांतून जेवणाबद्दल जे कळलं ते इथे लिहितो आहोत. वाचकांपैकी कुणाची संध्याकाळ त्यामुळे सुटली तर बरंच.

आधी घड्याळाचं बोलू. मराठी नाटकाचे प्रयोग बहुधा दुपारी चारला किंवा रात्री आठ-साडेआठला असतात. मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनच्या शेवटी सव्वासातच्या पुढे. म्हणजे तोच साडेआठचा प्रयोग हिवाळ्यात वेगळा आणि उन्हाळ्यात वेगळा. हिवाळ्यात आधी मगरिब, मग निवांत जेवण. उन्हाळ्यात क्रम उलटा: साडेसहाला खाऊन घ्यायचं, मग मगरिब, मग नाट्यगृह. उन्हाळ्यात मगरिबनंतर जेवायला बसलात तर हातात जेमतेम अर्धा तास उरतो, आणि अर्ध्या तासात बिर्याणी येते, खाऊन होत नाही. चारच्या प्रयोगाचं गणित आणखी निराळं. हिवाळ्यात प्रयोग सुटेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. शाफई घरांत असर लवकर लागते, ती पडदा उघडण्याआधी उरकता येते. हनफी घरांना मध्यंतराची दहा-पंधरा मिनिटंच मिळतात. त्यामुळे थंडीच्या दिवसांत आम्ही रात्रीचाच प्रयोग निवडतो.

दुसरं घड्याळ अम्मीचं. अम्मीला साखर आहे, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. सुई टोचली की अन्न वेळेत पोटात गेलंच पाहिजे. त्यामुळे 'मध्यंतरात बटाटावडा खाऊ' हा उपाय आमच्या घरात चालत नाही. एकदा एका हॉटेलात ऑर्डर देऊन पाऊण तास बसलो होतो, अम्मीचे हात थरथरायला लागले, आणि शेवटी आमच्याच पिशवीतली पोळी-भाजी तिला टेबलावर बसून खाऊ घातली. वेटर बघत राहिला. तेव्हापासून नियम असा की ताटात काहीतरी समोर आल्याशिवाय सुई पिशवीतून बाहेर निघत नाही, आणि पिशवीत डबा असतोच.

आता जागा. मराठी नाटकाचं माहेरघर दादर. प्लाझाजवळचं शिवाजी मंदिर स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर. दादरला हलाल कुठे मिळेल या शोधात आम्ही सुरुवातीला बराच वेळ घालवत असू. मग एका शेजाऱ्याने साधी गोष्ट सांगितली: दादरला मटण खायला येतंच कोण? दादर हे शाकाहारी मराठी फराळाचं गाव आहे. गोखले रोडवरचं 'प्रकाश', सेना भवनासमोरचं 'आस्वाद', स्टेशनजवळचं शंभरी ओलांडलेलं 'मामा काणे', यातल्या कुठल्याही ठिकाणी बसलं की विचारण्यासारखं काही उरत नाही. साबुदाणा वडा, थालीपीठ, मिसळ, अळूवडी. अम्मीसाठी थालीपीठ आणि दही सर्वांत बरं: भाजणीचं असतं, पोटाला टिकतं, साखर एकदम चढवत नाही. धाकट्याला पियूष हवं असतं. अम्मी त्याच्या पेल्याकडे बघते आणि दर वेळी म्हणते, "एक घोट तर दे." तो देतो. आम्ही दुसरीकडे बघतो.

या जागांची एकच अडचण, गर्दी. रविवारी संध्याकाळी बाहेर नाव लिहून उभं राहावं लागतं, आणि आत बसल्यावर मागचे लोक तुमच्या बशीकडे पाहत असतात. पाच जणांना एक टेबल मिळेल ही आशा ठेवू नये. दोन आणि तीन असे बसायची तयारी असली की नंबर लवकर लागतो.

दादरला मालवणी आणि गोमंतकी खाणावळीही आहेत. मासा हलालच, त्यात प्रश्न नाही. प्रश्न असतो कढईचा. त्याच तेलात, त्याच तव्यावर कोंबडी झाली का, हे आम्ही सरळ विचारतो. सुरुवातीला संकोच वाटायचा. पण सभ्यपणे विचारलं तर बहुतेक ठिकाणी सभ्यपणेच उत्तर मिळतं. एका खाणावळीच्या मालकीणबाईंनी तर स्वतः आत जाऊन पाहिलं आणि येऊन सांगितलं, "सुरमई वेगळ्या तव्यावर करून देते, दहा मिनिटं लागतील." आणि खरंच वेगळ्या तव्यावर करून दिली. तरी मन मानत नसेल तर खाऊ नये, वाद घालू नये, सोलकढी पिऊन उठावं. खेकडा-कोळंबीचा मुद्दा ज्याच्या त्याच्या मसलकीचा. आमच्या घरात माहेरकडचे कोकणी आणि सासरकडचे हनफी असा दुहेरी कारभार असल्याने खेकडा टेबलावर आला की अर्धं घर हात आखडतं.

ज्यांना नाटकाआधी कबाब-रोटीच हवी, त्यांनी दादरला उतरून शोधाशोध करण्यापेक्षा पश्चिम रेल्वेने दोन स्टेशनं पुढे, माहीमला जावं. मखदूम अली माहिमींचा दर्गा तिथेच. ते नुसते दर्ग्यातले बाबा नव्हते, कुरआनवर अरबीत तफसीर लिहिणारे मोठे आलिम होते, हे आपल्या मुलांना या निमित्ताने सांगता येतं. दर्ग्याच्या आसपास खाण्याची रेलचेल, मगरिबची सोय, आणि परत यायला लेडी जमशेटजी रस्त्याने टॅक्सी. वेळेचं मात्र भान हवं, कारण तो रस्ता रविवारी संध्याकाळी मुंगीच्या पावलांनी चालतो. माटुंगा रोडजवळच्या यशवंत नाट्य मंदिरात प्रयोग असेल तर माहीम आणखी सोयीचं. त्याच माटुंग्यात, रेल्वेपलीकडे पूर्वेला, दाक्षिणात्य खाणावळी आहेत. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनला लागून असलेली रामा नायक यांची उडुपी खाणावळ 1942 पासूनची. केळीच्या पानावर भात-सांबार वाढतात. पण पोटभर भात खाऊन अंधारात खुर्चीत बसणं म्हणजे काय ते आमच्या अब्बांच्या घोरण्यावरून आम्हाला ठाऊक आहे.

नमाजचा विषय निघाला आहे तर बायकांचंही बोलायला हवं. पुरुष कुठल्याही मशिदीत शिरतात, पाच मिनिटांत बाहेर येतात. बायकांची सोय प्रत्येक मशिदीत असतेच असं नाही, आणि 'घरी जाऊन कजा करू' हे उत्तर दर वेळी बायकांनाच का द्यावं लागावं? आम्ही पिशवीत पातळ मुसल्ला ठेवतो, वजू निघायच्या आधी किंवा खाणावळीच्या बेसिनवर. एका नाट्यगृहात दारावरच्या काकांना विचारलं, तर त्यांनी मेकअपच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोळात जागा दाखवली आणि स्वतः तोंड फिरवून उभे राहिले, कुणी मध्ये येऊ नये म्हणून. पलीकडून कुणीतरी संवाद घोकत होतं. न विचारता ती जागा मिळाली नसती.

आता गिरगाव आणि ग्रँट रोड. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना हा भाग दादरपेक्षा जवळचा वाटेल. चर्नी रोडला उतरलं की एका हाताला साहित्य संघ मंदिर, थोडं पुढे रॉयल ऑपेरा हाऊस. ऑपेरा हाऊसचं उद्‍घाटन 1911 साली झालं. 1993 पासून ते बंद होतं, 2016 मध्ये पुन्हा उघडलं. इथे प्रयोग असेल तर भेंडीबाजार, मोहम्मद अली रोड टॅक्सीच्या टप्प्यात येतो. आमच्यासारखे मध्य रेल्वेवाले सँडहर्स्ट रोडला उतरून आधी तिकडे जेवू शकतात. 'नूर मोहम्मदी' 1923 पासूनचं, नल्ली निहारीसाठी प्रसिद्ध. मिनारा मशिदीजवळ सुलेमान उस्मानची फिरनी. हलाल की नाही हा प्रश्न इथे कुणी कुणाला विचारत नाही, मशीद हाकेच्या अंतरावर, अम्मीचा जीव भांड्यात पडतो.

तरी आमचं मत विचाराल तर निहारी नाटकाआधी खाऊ नये. निहारी ही खाऊन झोपायची वस्तू आहे. नाटकाआधी सीख कबाब, एखादी रोटी, कांदा-लिंबू, बस. निहारी नाटक सुटल्यावर. रात्री अकराला दादरच्या खाणावळी शटर ओढत असतात. मोहम्मद अली रोड तेव्हा जागाच असतो. फक्त शेवटच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवावी, आणि सोबत अम्मी असतील तर तिच्या सुईची वेळ त्याहून आधी.

या वस्तीत आणखी एक गोष्ट मुलांना दाखवण्यासारखी. ग्रँट रोडजवळच्या ज्या भागाला लोक 'पिला हाऊस' म्हणतात, तो शब्द 'प्ले हाऊस'चाच अपभ्रंश. एकोणिसाव्या शतकात नाटकगृहं इथेच होती. नाना शंकरशेट यांच्या प्रयत्नांनी इथे 1846 मध्ये नाटकगृह उभं राहिलं, आणि 1853 साली सांगलीहून आलेल्या विष्णुदास भाव्यांनी ग्रँट रोडच्या नाटकगृहात मराठी नाटकाचे प्रयोग केले. पुढे त्याच परिसरात पारशी कंपन्यांनी उर्दू नाटकं गाजवली. म्हणजे आमच्या शाळेत ज्या दोन भाषांचे तास एकामागून एक लागतात, त्या दोन्ही भाषांची नाटकं या गल्ल्यांनी पाहिली. मोहम्मद अली रोडला जेवून गिरगावात मराठी नाटकाला जाणं यात कुणाला विचित्र वाटत असेल तर त्यांनी पिला हाऊसवरून एकदा चालत जावं. आज तिथे नाटकाचं काही उरलेलं नाही, नाव तेवढं आहे.

जुहूच्या पृथ्वी थिएटरबद्दल थोडक्यात. 1978 मध्ये सुरू झालेली ही छोटी जागा. उर्दू-हिंदी नाटकांसाठी आम्ही इथेच जातो. जावेद सिद्दीकींचं 'तुम्हारी अमृता' 1992 मध्ये इथेच पहिल्यांदा झालं. इथे खुर्च्यांना नंबर नसतात, रांगेत जो आधी तो पुढे, आणि उशीर झाला तर आत सोडत नाहीत, मग तुम्ही कुणीही असा. त्यामुळे दूर कुठे जेवून धावत येण्यात शहाणपण नाही. अंगणातल्या कॅफेत पराठा आणि सुलेमानी चहा घ्यावा, एकाने रांग धरावी. ऑमलेटच्या तव्याचा प्रश्न इथेही विचारता येतो.

आणि यातलं काहीच जमत नसेल तर डबा. पुष्कळ घरांत डबा म्हणजे कमीपणा वाटतो, 'मुंबईला जाऊन घरचंच खायचं?' पण खिमा-पाव, अंडी, उकडलेले चणे हे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून खाण्यात जी मजा आहे ती कुठल्या टेबलावर नाही. शिवाय पाच जणांचे हॉटेलचे पैसे वाचले की पुढच्या नाटकाची दोन तिकिटं निघतात. कागद-पिशव्या परत घरी आणायच्या, एवढंच पथ्य.

येत्या हिवाळ्यात शाळेच्या दहावीतल्या मुलींना रात्रीच्या प्रयोगाला न्यायचा बेत आहे. पालकांची परवानगी लागेल, म्हणून चिठ्ठी तयार केली. पहिल्या मसुद्यात नाटकाचं नाव, लेखक, शैक्षणिक उपयोग असं सगळं रीतसर होतं. बावीसपैकी सहा चिठ्ठ्या सही होऊन आल्या. मग दुसरी चिठ्ठी लिहिली: मगरिब माहीमला, मुलींसाठी जागा आधी पाहून ठेवली आहे. जेवण दादरला, शाकाहारी. सोबत दोन शिक्षिका आणि एका मुलीची खाला. परतीची गाडी नाट्यगृहाच्या दारात. आजपर्यंत एकोणीस सह्या झाल्या आहेत. उरलेल्या तीन घरी या शुक्रवारी जाऊन भेटणार आहोत.