एका मोसमापुरता

कतारगामची पापडी सुरतेत नावाजलेली. उंधियूच्या दिवसांत भाजीवाली अजूनही त्याच नावाने हाक देते. पण कतारगामात पापडीचे शेत आता शोधून सापडायचे नाही. शेतांच्या जागी हिऱ्याच्या घंट्या आल्या, लूमची खाती आली, चाळी आल्या आणि चाळींतून आम्ही खानदेशची माणसे आलो. माझे वडील अमळनेरहून ताप्ती लाइनच्या गाडीने आले ते 'दोन वर्षांसाठी'. ती दोन वर्षे त्यांच्या हयातीत संपली नाहीत.

आमच्या हायस्कुलामागे अशाच एका जुन्या शेताचा तुकडा बांधकामावाचून राहिला आहे. तिथे एक मुलगा गोलंदाजी करायचा. बाप लूमवर कारीगर, आई घरी साडीला टिकल्या लावणारी. मुलगा अभ्यासात बेताचा, पण चेंडू हातात आला की अंगात काही वेगळेच संचारायचे. जिल्ह्याच्या एकोणीस वर्षांखालच्या सामन्यांपर्यंत त्याने मजल मारली आणि तिथेच गाडी अडली. बारावी झाली होती. पुढे काय, तर खाते. दुसरे काय असणार?

२०२३ च्या फेब्रुवारीत बाप-लेक माझ्या घरी आले. इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या एका छोट्या क्लबाने मुलाला एका मोसमासाठी बोलावले होते. एप्रिल ते सप्टेंबर. पगार नाही, हौशी खेळाडू म्हणून जायचे. राहायला बॅटली गावातले एक सुरती मुसलमान कुटुंब; त्यांचा पुतण्या इथे आमच्या मुलाबरोबर खेळलेला, त्यानेच जमवले होते. तिकीट, व्हिसा, कपडे, बूट मिळून दीड लाखाच्या वर जात होते. बापाने उपरण्याने तोंड पुसले आणि विचारले, "सर, सचिन गेला होता ना तिकडे?"

"गेला होता," मी म्हणालो.

ते एक वाक्य मला फार महागात पडले. खरे म्हणजे त्यालाच महागात पडले, मला नाही.

सचिन गेला ते १९९२ साल. मी तेव्हा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि वाचनालयात वर्तमानपत्रासाठी रांग लावीत होतो. १८६३ साली स्थापन झालेला यॉर्कशायर क्लब, आणि त्याचा हट्ट असा की आमच्या परगण्यात जन्मला तोच आमच्याकडून खेळेल. तो हट्ट शेवटी सुटला. बोलावणे आधी ऑस्ट्रेलियाच्या क्रेग मॅकडरमॉटला होते. तो जखमी झाला आणि जागा एकोणीस वर्षांच्या मराठी पोराला मिळाली. जमवाजमव करण्यात पुढाकार ड्यूजबरीत पेट्रोलपंप चालवणाऱ्या, मूळच्या गुजरातच्या सॉली अ‍ॅडम यांचा. सपाट टोपी घालून हातात बिअरचा पेला धरलेला सचिनचा फोटो तेव्हा गाजला होता. १६ सामन्यांत १०७० धावा, सरासरी ४६.५२, शतक एकच. त्याच्या मानाने साधाच मोसम. पण तिथल्या लोकांनी त्याला आपला मानले. विनोद कांबळीही त्या दिवसांत त्याच भागात क्लब क्रिकेट खेळत होता.

हे सारे मी त्या बापाला रंगवून सांगितले. मास्तराला गोष्ट रंगवायची खोड असतेच. विनू मांकडचीही सांगितली: लँकेशायरच्या हॅसलिंग्डन क्लबाशी करार असल्यामुळे १९५२ च्या दौऱ्याच्या संघात तो नव्हता, मग लॉर्ड्‌स कसोटीपासून क्लबाने त्याला सोडला, आणि त्या कसोटीत त्याने ७२ व १८४ धावा काढून एका डावात पाच बळीही घेतले. बापाचे डोळे चमकले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आले, की मी सोयीचे तेवढेच सांगितले. यॉर्कशायरला गेला तेव्हा सचिनच्या खात्यावर मँचेस्टर, सिडनी आणि पर्थची कसोटी शतके होती. मांकड तर मांकडच. ही माणसे तिथे गेली ती आधी कोणीतरी होऊन. आमचा मुलगा चालला होता तो कोणीतरी होण्यासाठी. या दोन प्रवासांना एकच तिकीट लागत असले, तरी ते एक नव्हेत.

दुसरीही एक गोष्ट मी गाळली. बॅटली, ड्यूजबरी, ब्रॅडफर्ड ही गिरणगावे. सुरत-भरूचकडची कितीतरी माणसे तिथल्या लोकरीच्या गिरण्यांत रात्रपाळी करायला गेली आणि तिथलीच झाली. त्यांची पोरे गल्लीबोळांतून क्रिकेट खेळत वाढली. पण मुंबईच्या सचिनला दार उघडणाऱ्या यॉर्कशायरच्या संघात शेजारच्या गल्लीतल्या या पोरांना वाट सापडायला आणखी बरीच वर्षे लागली. त्या क्लबाकडून खेळलेल्या अझीम रफिकने नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे वर्णद्वेषाची जी हकिगत डोळ्यांत पाणी आणून सांगितली, ती मी वाचली होती. बापाला मात्र सांगितली नाही. सांगितली असती तर त्याने पोराला पाठवले नसते. म्हणून सांगितली नाही, की माझी गोष्ट बिघडेल म्हणून? याचे उत्तर मी अजून स्वतःला दिलेले नाही.

मुलाच्या आईचा प्रश्न निराळाच होता. "सर, तो तठे काय खाई?" तिला ना सचिनशी कर्तव्य, ना मांकडशी. शेवटी मीच तिला बॅटलीच्या बाईंना फोन लावून दिला. आमची बाई अहिराणी बोलणारी, पण वीस वर्षे कतारगामच्या बाजारात भाव करून गुजराती पक्की झालेली. तिकडच्या बाई जन्मल्या तिकडेच. गुजराती मात्र आजीच्या तोंडची, अस्सल सुरती. पहिली दोन मिनिटे अवघडलेली गेली. मग खिचडी-कढीचा विषय निघाला आणि दोघी अर्धा तास सुटल्याच. फोन ठेवता ठेवता पलीकडून आवाज आला, "चिंता नी करता, बेन. ए मारो दीकरो." मी खोलीत होतो; मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिलो. आमच्याकडच्या मुलांना ना धड मराठी येते ना धड गुजराती, असे मी पालकसभेत दरवर्षी म्हणतो. त्या दिवसापासून जरा जपून म्हणतो.

मुलगा गेला. पहिले तीन आठवडे पाऊस. सामने रद्द. तो खेळपट्टीवर आच्छादन ओढायचा, रोलर फिरवायचा, आणि फोनवर सांगायचा की थंडीने बोटे चेंडूवर बसतच नाहीत. एका रविवारी यजमानांनी त्याला लीड्‌सला नेऊन हेडिंग्लीचे मैदान बाहेरून दाखवले. तिथे क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून रग्बीचे मैदान आहे, दोन्हींच्या मधली प्रेक्षागृहाची इमारत एकच, याचेच त्याला अधिक नवल. जूनपासून ऊन पडले आणि बळी मिळू लागले. एका सामन्यात पाच मिळाले, त्याचा धावफलक त्याने फोटो काढून पाठवला. क्लबातले एक म्हातारे गृहस्थ प्रत्येक सामन्यानंतर त्याच्याजवळ बसून चुका सांगत. दुसऱ्या एका मैदानावर कुंपणापलीकडून कोणी काही बोलले. काय, ते त्याने मला सांगितले नाही. मीही खोदून विचारले नाही. विचारण्याचा अधिकार मला राहिला नव्हता.

सप्टेंबरात तो परत आला. निवडचाचणी दिली, नाव आले नाही. आता तो एम्ब्रॉयडरीच्या खात्यात रात्रपाळी करतो आणि रविवारी सकाळी शाळेमागच्या तुकड्यावर लहान पोरांना गोलंदाजी शिकवतो. चुका सांगताना शेजारी बसवून सांगतो. बापाच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत. त्यातले काही मी भरावे असे सुचवले, तेव्हा तो माणूस पहिल्यांदाच माझ्याशी तुटक बोलला. "सर, पोरगं माझं आहे."

यंदा क्लबाचे पुन्हा बोलावणे आले आहे. मुलगा एकटाच आला, शाळेचा दाखला मागायला. मी लिहायला घेतला तसा तो दारातच घुटमळला.

"सर, एक सांगू? या वेळी घरी सचिनचं नाव काढू नका."

"मग काय सांगू?"

"काहीच नका सांगू. आईला फक्त बॅटलीचा फोन लावून द्या."

दाखल्यावर सही करून दिली. तिकिटाचे पैसे अजून जमायचे आहेत.