कडेनं सुटलं की थांबायचं

ब्राउनीला आपल्याकडे केकच्या पंगतीत बसवतात आणि तिथेच तिच्यावर अन्याय होतो. केक फुगायला हवा, हलका व्हायला हवा, मधोमध सुरी घातली तर ती कोरडी बाहेर यायला हवी. ब्राउनीला या कसोट्या लावल्या की हाती येतो चॉकलेटी रंगाचा, चौकोनी कापलेला सुका केक. तसले तुकडे बेकऱ्यांच्या काचेच्या कपाटात सर्रास दिसतात. माझ्या मते ब्राउनी वडीच्या कुळातली आहे. थाळ्यात पसरायची, निवू द्यायची, सुरीनं चौकोन पाडायचे, आणि सगळं कौशल्य एकाच गोष्टीत, ते म्हणजे आचेवरून कधी काढायचं.

वडी मी सांगलीत पाहिली. आई ओल्या नारळाची वडी करायची तेव्हा पितळी कढईजवळ कुणी बोललेलं तिला चालायचं नाही. नारळ आणि साखर आधी पातळ होते, मग रटरटते, मग उलथन्याला जड लागायला लागते. कढईच्या कडेला पांढरी साय धरल्यासारखी होते आणि उलथनं फिरवलं की गोळा सगळा एकदम सरकतो. त्या घडीला तो अजून ओलसर दिसत असतो. मी म्हणायचे, "आई, कच्चं आहे अजून." ती गॅस बंद करून म्हणायची, "कडेनं सुटलं की थांबायचं. कढई तापलेली आहे ना, उरलेलं काम ती करते." मग तूप लावलेल्या थाळ्यात ओतून वाटीच्या बुडानं थापायची. आणखी दोन मिनिटं ठेवलं असतं तर सुरी लावल्यावर वडीचा भुगा झाला असता.

केकही व्हायचा घरात. ऐंशीच्या दशकात मध्यमवर्गीय घरांमध्ये असायचा तसा अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आमच्याकडे होता, झाकणाला काचेची खिडकी असलेला. तापमान ठरवायची सोय नाही. चालू किंवा बंद. कोको पावडरचा डबा फडताळात वरच्या कप्प्यात असायचा आणि चमचा चमचा करत वर्षभर पुरायचा. त्याच्याच शेजारी 'रुचिरा'. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक 1970 साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापांनी त्यानं कितीतरी नव्या सुनांना स्वयंपाकघरात उभं केलं. ब्राउनी हा शब्द मात्र त्या घरात कुणी ऐकलेला नव्हता.

ती भेटली शिकागोत. नवऱ्याच्या नोकरीमुळे नव्वदीच्या शेवटी आम्ही तिथे राहायला गेलो. शेजारी एक वयस्कर बाई होत्या. पहिल्या थंडीत त्या दारात आल्या, हातात फॉइलनं झाकलेला चौकोनी पत्र्याचा डबा. आतल्या तुकड्यांवर पापुद्रा होता, कागदाहून पातळ, चमकदार, बोट लावलं तर तडकणारा. खाली दाट, ओलसर, जवळजवळ काळा गर. कडेचा तुकडा दातांना किंचित चिवट लागला. मी आजवर खाल्लेल्या चॉकलेट केकशी याचं काही नातं नव्हतं. काही दिवसांनी त्यांच्याच स्वयंपाकघरात करताना पाहिलं. ओव्हन उघडून त्यांनी डबा हलवला. कडा धरलेल्या, डब्यापासून जराशा सुटलेल्या. मध्य अजून थरथरत होता. त्यांनी तो सरळ बाहेर काढला. गरम डब्यात तो आपोआप होतो, असं त्या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांपुढे सांगलीची पितळी कढई उभी राहिली. त्या क्षणी मला ब्राउनी कळली, असं मी आजही म्हणेन.

त्या शहरात ब्राउनीची एक जन्मकथाही सांगतात. 1893 साली कोलंबसच्या सफरीला चारशे वर्षं झाल्यानिमित्त तिथे जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याच निमित्तानं झालेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, म्हणून आपल्याला ते साल पाठ असतं. प्रदर्शनातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष बर्था पामर. त्यांच्या पतीच्या पामर हाउस हॉटेलातल्या आचाऱ्याला त्यांनी सांगितलं की प्रदर्शनाला येणाऱ्या बायकांच्या जेवणाच्या खोक्यात मावेल, केकच्या तुकड्याहून लहान असेल आणि हातानं खाता येईल असं काहीतरी गोड कर. वर अक्रोड आणि जर्दाळूचा चकचकीत थर असलेली ती ब्राउनी हॉटेलात पुढेही मिळत राहिली. मी मुद्दाम जाऊन खाल्ली. गोडीला थोडी जास्त वाटली, पण घराबाहेर पडलेल्या बायकांच्या डब्यासाठी हा पदार्थ घडला, ही गोष्ट मला फार आवडते.

छापील पाककृतींचा माग घेतला तर तो बोस्टनच्या फॅनी फार्मरपाशी पोहोचतो. तिच्या 1896 च्या पुस्तकात ब्राउनी आहे, पण तिच्यात चॉकलेट नाही. काकवीसारख्या मोलॅसिसचे छोटे केक आहेत ते. चॉकलेटची ब्राउनी 1906 च्या आवृत्तीत आली. अमेरिकेतल्या घराघरांत सपाट कप आणि सपाट चमचा रुजवला तो याच बाईनं. कमलाबाईंनी वाट्यांनी केलं तेच काम. दोघींबद्दल मला सारखाच आदर आहे, कारण अंदाज हा ज्याच्या आईला येतो त्यालाच मिळतो; माप मात्र कुणालाही मिळतं.

आणि ब्राउनीचं सगळ्यात महत्त्वाचं माप मैद्याचं. अभिनेत्री कॅथरिन हेपबर्न यांच्या नावानं जी ब्राउनी ओळखली जाते तिच्यात कपभर साखरेला मैदा फक्त पाव कप. मी स्वतः 150 ग्रॅम डार्क चॉकलेट आणि 120 ग्रॅम लोण्याला 60 ग्रॅम मैदा घेते, 200 ग्रॅम साखर, तीन अंडी, दोन चमचे कोको. आठ इंची चौकोनी डबा, 175 अंश, साधारण पंचवीस मिनिटं. मैदा इतका कमी असल्यामुळे ओव्हनमधून काढताना ती लिबलिबीतच दिसणार. निवताना लोणी आणि कोकोतला स्निग्धांश गोठतो आणि मग तुकडा उभा राहतो. वडी धरते साखरेमुळे, ब्राउनी धरते स्निग्धांशामुळे, फरक एवढाच. म्हणून वडी कोमट असताना कापायची आणि ब्राउनी पूर्ण गार झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी. रात्रभरात ओलावा कडेपासून मध्यापर्यंत सारखा होतो आणि चव मुरते.

पुण्यात परतल्यावर तीच कृती करताना पापुद्रा येईना. कारण साखरेत सापडलं. आपली साखर जाड दाण्याची. पापुद्रा येतो तो अंड्यात विरघळलेल्या साखरेचा. फेटलेलं ते मिश्रण वर येऊन वाळतं. दाणा शिल्लक राहिला की वरचा थर निस्तेज आणि खडबडीत. आता मी साखर मिक्सरमधून काढते, गरम लोण्या-चॉकलेटमध्ये ढवळते आणि मग अंडी घालून मिश्रणाची पट्टी पडेपर्यंत फेटते. लोणी घरचं, सायीचं. बाजारातलं खारं घेतलं तर वेगळं मीठ घालत नाही.

सासूबाई अंडं खात नाहीत. त्यांच्यासाठी डबा वेगळा, फेटायचं भांडंही वेगळं. हा नियम मी स्वतःहून घातला आणि आजवर पाळते. त्यांच्या ब्राउनीत दही आणि कंडेन्स्ड मिल्क. पापुद्रा तितका येत नाही, चिवटपणाही कमी, पण दाटपणा उत्तम साधतो. सासूबाईंना बेसनाच्या लाडवाचं भाजणं वासावरून कळतं. एकदा बाहेरच्या खोलीत जपमाळ हातात असताना त्यांनी हाक मारली, "अगं, वास पालटला, बघ जरा." मी पाहिलं तर कडा नुकत्या सुटत होत्या. तेव्हापासून त्या घरात असल्या की मी घड्याळ लावत नाही.

चॉकलेटच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. बेकिंगच्या दुकानात कंपाउंडच्या मोठ्या लाद्या स्वस्त मिळतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. कोको बटर अंगाच्या उष्णतेला वितळतं, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर ठेवताच विरतं. कंपाउंड टाळूला मेणासारखं चिकटून राहतं. माझी भाची पुण्यात घरून ब्राउनीच्या ऑर्डरी घेते. 2024 मध्ये पश्चिम आफ्रिकेतलं पीक बिघडलं आणि कोकोचा जागतिक भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा तिला सगळ्यांनी कंपाउंड वापरायचा सल्ला दिला. तिनं तुकडा लहान केला, भाव वाढवला आणि चॉकलेट तेच ठेवलं. काही गिऱ्हाइकं गेली. मला तिचा फार अभिमान वाटला आणि तसं मी तिला सांगितलंही. आता ती केरळातल्या इडुक्कीच्या कोकोचं चॉकलेटही वापरून बघते आहे. त्याला किंचित आंबूस, फळासारखी चव आहे. अक्रोडाबरोबर ती छान जमते, काजूबरोबर अजिबात नाही, असं माझं ठाम मत. भाची काजूच्या बाजूची आहे.

आई गेल्या दिवाळीत सांगलीहून आली तेव्हा ब्राउनी गार झाल्यावर सुरी तिच्याच हातात दिली. तिनं सवयीनं तिरके छेद द्यायला घेतले, वडीला देतात तसे. मी म्हटलं, "आई, सरळ काप. कोपरे जातील." कोपऱ्याच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी ती चिवट कड असते, सगळ्या डब्यात असे तुकडे चारच. आईनं एक चाखला, दुसरा उचलला आणि उरलेल्या दोनांवर वाटी पालथी घातली. भाची अजून यायची होती, आणि मी तिथेच उभी होते.