कराराबाहेरचा बिऱ्हाडकरू

घर भाड्यानें देणाऱ्या गृहस्थास दोन गोष्टींचें भय असतें: थकणारें भाडें आणि न हलणारा बिऱ्हाडकरू. तिसऱ्या एका संकटाशीं आमची २०१८ सालच्या पावसाळ्यापर्यंत ओळख नव्हती. तें चार पायांनीं जिना चढून आलें.

पुण्यांतील आमच्या घराची माडी, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीचा एक तुकडा, आम्ही अकरा महिन्यांच्या करारानें देत असतों. त्या वर्षीं यवतमाळकडील एक तरुण जोडपें राहावयास आलें. मुलगा संगणकाच्या कंपनींत, मुलगी एका रुग्णालयांतील औषधविभागांत. बोलणें नम्र, भाडें पांच तारखेच्या आंत. करारांतील सातवें कलम आम्हीं स्वतः त्यांस वाचून दाखविलें होतें: जागेंत कुत्रें, मांजर अथवा अन्य जनावर पाळूं नये. दोघांनींहि माना डोलावून सह्या केल्या. या कलमाचें मूळ कारण आमच्या मातोश्री. त्यांचें वय तेव्हां सत्याऐंशीं होतें; पण लहानपणीं कुत्रें चावल्यावर पोटांत टोचून घेतलेल्या चौदा सुयांची आठवण त्या अद्याप बोटांवर मोजून सांगत.

आषाढांत रात्रीं डोक्यावर टिक्‌टिक् असा बारीक आवाज येऊं लागला. मुलगी शिवणयंत्र चालवीत असावी, असा आम्हीं तर्क केला. सौभाग्यवतीनें त्यास इतक्या तत्परतेनें दुजोरा दिला कीं तेव्हांच आम्हांस संशय यावयास हवा होता. एके सकाळीं जिन्याच्या पायरीवर तांबूस रंगाचें, एक कान उभा व एक पडलेला, असें पिल्लू बसलेलें दिसलें. त्याच्या तोंडांत आमच्या नातवाचा मोजा होता.

वर जाऊन विचारलें, तर मुलगा म्हणाला, "काका, मित्राचं आहे. तो गावाला गेलाय. दोन दिवसांत घेऊन जाईल."

दोन दिवसांचे बारा झाले. घरांत चौकशी करतां उलगडा झाला कीं पिल्लू पांच आठवड्यांपासून माडीवर आहे, नातू आपली अर्धी पोळी रोज वर पोंचवितो, आणि अकरा माणसांच्या आमच्या कुटुंबांत अज्ञानी असे दोघेच, मातोश्री आणि आम्ही! सारा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यांत घालविलेल्या मनुष्यास चुकलेल्या उत्तराचा फारसा राग येत नाहीं; चोरलेल्या उत्तराचा येतो. कुत्र्यापेक्षां तो गांवाला गेलेला मित्रच आम्हांस अधिक झोंबला.

शेजारच्या एका गृहस्थांनीं उपाय सुचविला: वरचें पाणी तोडा, आठ दिवसांत वाट धरतील. आम्हांस हितोपदेशांतील जरद्गव गिधाड आठवलें. त्या आंधळ्या वृद्धानें अनोळखी मांजरास आपल्या झाडावर थारा दिला, मांजरानें पक्ष्यांचीं पिलें खाल्लीं, आणि शिक्षा मात्र गिधाडास झाली. तरीहि पाण्याला हात लावण्यापूर्वीं आम्ही करार घेऊन एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलों. तो आतां वकिली करतो.

त्यानें कागद उलटून पाहिला आणि विचारलें, "सर, याची नोंदणी?"

अकरा महिन्यांच्या कागदास नोंदणी कशाला? १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें ती वर्षावरील भाडेपट्ट्यास लागते, हें ज्ञान आम्हीं आजवर अनेकांस फुकट वाटलें होतें. त्यानें १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आमच्यापुढें ठेवला. कलम ५५ असें कीं, मुदत कितीहि असो, करार लेखी आणि नोंदलेला हवा. ती जबाबदारी घरमालकाची. ती न पाळणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. शिवाय असा करार नसेल तर अटींविषयीं, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचेंच म्हणणें ग्राह्य धरावयाचें. पाण्याचा विषय काढतांच त्यानें कलम २९ वर बोट ठेविलें. पाणी, वीज यांसारख्या सोयी तोडण्यास मालकाला मनाई आहे. तो अदबीनें बोलत होता, हेंच आम्हांस अधिक लागलें.

त्याच रात्रीं वरची मुलगी एकटीच खालीं आली. तिचे डोळे सुजलेले होते. म्हणाली, "काका, उद्या त्याला मंडईमागं सोडून येतो. तिथं कुणीतरी खायला घालेलच."

सातवें कलम लिहितांना जनावर नको एवढेंच आमच्या मनांत होतें. तें नकोसें झालेलें जनावर पुढें कोठें जातें, याचा आम्हीं विचार केला नव्हता. जें उपाशी मरेल अशा स्थितींत पाळीव जनावर टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे, हें आम्ही तिला सांगूं लागलों. पण सांगतांना आमचाच आवाज आम्हांस परका वाटला. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत इंद्र रथ घेऊन येतो, कुत्र्यास स्वर्गांत जागा नाहीं म्हणतो, आणि धर्मराज त्या कुत्र्याविना रथांत चढण्याचें नाकारतो. हा प्रसंग आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत रंगविला, आणि प्रत्येक वेळीं धर्मराजाच्या बाजूनें. त्या कथेंत जागेचा मालक इंद्र आहे, हें त्या रात्रीं प्रथमच ध्यानांत आलें.

इतक्यांत आंतून मातोश्रींचा आवाज आला, "कोण कुणाला सोडतंय?" सर्व हकीकत ऐकून त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वाळवणाला तोंड लावायचं नाही. आणि सुया टोचायच्या त्या आधी त्यालाच टोचा."

दुसऱ्या दिवशीं मुलास बोलावून आम्हीं आधीं स्वतःची चूक सांगितली: कागद नोंदलेला नाहीं, त्या कलमावर भांडावयाचें तर आमचीच बाजू लंगडी आहे. तो खालीं पाहत म्हणाला, "मला माहीत होतं, काका. सही करतानाच माहीत होतं." मग कुत्र्याविषयीं खोटें कां बोललास, असें विचारतां म्हणाला, "कायदा काढून तुमच्याशी बोलायची लाज वाटली." यावर काय बोलावें तें आम्हांस सुचेना.

नवा करार रीतसर नोंदविला. नोंदणीची एक हजार रुपये फी आम्हीं भरली, कारण तें काम मुळांत आमचें होतें. जुन्या सातव्या कलमाच्या जागीं नवें आलें. रेबीजची लस दरवर्षीं टोचून तिचा दाखला दाखवावा, महानगरपालिकेचा परवाना काढावा, जिन्यावरून साखळीशिवाय आणूं नये, दिवसा खोलींत कोंडून जाऊं नये, आणि मोडतोड झाल्यास भरपाई अनामत रकमेंतून करावी. कोंडून जाण्याचें कलम मुलीनें स्वतः घालावयास लाविलें. दिवसा त्याच्याजवळ कोण बसणार, हा प्रश्न कोणीं काढलाच नाहीं. त्याचें उत्तर आमच्या स्वयंपाकघरांत आधींच ठरलेलें होतें. मातोश्रींनीं त्यास कधीं स्पर्श केला नाहीं. पण तें अंगणाच्या कोपऱ्यांत बसलें म्हणजे त्या आपली खुर्ची थोडी त्याच्याकडे वळवीत.

दोन वर्षांनीं त्या मुलाची बदली झाली. सामान गेल्यावर माडी पाहिली, तेव्हां स्वयंपाकघराच्या दाराची खालची फळी नखांनीं पार सोललेली होती. सुतारानें बाराशें रुपये सांगितले. मुलानें हिशेबाच्या कागदावर ती रक्कम आम्हीं विचारण्यापूर्वींच वजा करून ठेविली होती. आम्हीं ती घेतली. नातू दोन दिवस आमच्याशीं बोलला नाहीं.