मृदंगमवरचा विठ्ठल

मंडळी, सवड मिळाली की अरुणा साईराम यांचं 'तीर्थ विठ्ठल' ऐका. भरजरी साडी, शेजारी व्हायोलिन आणि मृदंगम, समोर तमिळ श्रोते... आणि गाणं चाललंय आपल्या नामदेवांचं!

पहिल्यांदा ऐकताना कान थोडे बिचकतात. डोक्यात भीमसेनजींचं 'तीर्थ विठ्ठल' फिट्ट बसलेलं असतं ना. इथे स्वर कर्नाटकी पद्धतीने झुलतात. मग लय वाढत जाते आणि नकळत आपण मांडीवर ठेका धरतो.

अरुणाताई 1952 साली मुंबईत जन्मल्या. गाणं शिकल्या टी. बृंदांकडे, अस्सल कर्नाटक परंपरेत. या मैफलीत मुख्य राग झाला की शेवटी छोट्या रचना येतात, त्यांना तिकडे 'तुक्कडा' म्हणतात. आपला तुकडाच की! तिथे त्या अभंग गातात.

अर्थात अभंग तिकडे आधीच पोचला होता. तंजावरला 1855 पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. मराठी कीर्तन तिकडे गेलं, त्याचा ठसा तमिळ हरिकथेवर उमटला, भजनांत अभंग रुजले. ऑफिसमधला माझा तमिळ मित्र तर म्हणाला, "हे मराठी आहे होय? आमची आजी म्हणायची रे हे!"

आमच्यातले काहीजण नाक मुरडतात, "हा काही खरा अभंग नव्हे." पण खरा कुठला? नामदेवांची चाल कुणी रेकॉर्ड करून ठेवलेली नाही. भीमसेनजी गातात ती चाल राम फाटकांची, विसाव्या शतकातली. आणि भीमसेनजी मूळचे गदगचे, घरात कानडी. त्याच गळ्यातून त्यांनी कानडी दासवाणीही गायली. खुद्द नामदेवांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, तीही रागांत गायली जातात. म्हणजे चाल बदलत राहिली म्हणूनच शब्द इतके लांब पोचले.

वाकडच्या सोसायट्यांमध्ये 'बाहेरचे लोक' हा शब्द फार सहज निघतो. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, मीटिंगमध्ये. हल्ली तो ऐकला की मला त्या आजी आठवतात. विठ्ठलाच्या बाबतीत त्या बाहेरच्या कशा?

असो. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी देहूहून निघून निगडी-आकुर्डीला येते, वाकडपासून काही फार लांब नाही. पुढच्या वेळी मित्राला घेऊन जाणार आहे. रस्ता मी दाखवीन, शब्द त्याच्या कानावरचे आहेतच.