बसायचेच, तर चित्रासमोर

‘तुम्ही बघून या, मी इथेच बसते.’ सहलीला सोबत नेलेल्या आईच्या तोंडून हे वाक्य आपण कधी ना कधी ऐकले असेल. संग्रहालयाची कठीण फरशी आणि न संपणारी दालने यांपुढे वृद्ध गुडघे हार मानतात. मग जिच्यासाठी प्रवास आखला, तीच प्रवेशद्वाराशी बसून राहते. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील आल्झास प्रांतात जाणार असाल, तर एक निश्चय करून निघावे: दिवसाला एकच संग्रहालय, आणि बसायचेच, तर चित्रासमोर बसायचे.

असे बसण्याजोगे चित्र कोलमारला आहे. स्ट्रासबर्गहून आगगाडीने सुमारे अर्ध्या तासात आपण या टुमदार गावी पोहोचतो. तेथील उंटरलिंडेन संग्रहालय 1853 मध्ये तेराव्या शतकातील जोगिणींच्या मठात उघडले. चौकाभोवतीच्या कमानदार ओवऱ्या ओलांडून प्रार्थनागृहात शिरावे. समोर उभे असते ते इसेनहाइमचे वेदीचित्र.

ग्रुनेवाल्ड या चित्रकाराने 1512 ते 1516 या काळात ते रंगविले, तेही रुग्णसेवेला वाहून घेतलेल्या एका मठासाठी. संत अंतोनीच्या नावाचे तेथील साधू ज्या व्याधीची शुश्रूषा करीत, तिला लोक ‘संत अंतोनीचा अग्नी’ म्हणत. हातापायांची आग होई, रक्तपुरवठा तुटून बोटे काळी पडत, कधी अवयव गळून जात. कारण होते रोजच्या भाकरीत: राय या धान्याच्या कणसावर वाढणारी विषारी बुरशी. आपल्याकडे बाजरीवर पडणारा अरगट हा तिचाच भाऊबंद. पेरणीपूर्वी बाजरीचे बी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे काढून टाकतात, ते त्याच्याच भयाने. पुढे या बुरशीतील द्रव्यांपासूनच अर्धशिशीवरचे आणि बाळंतपणातील रक्तस्राव थांबविणारे औषध निघाले.

पण त्या काळी साधूंना हे कारण ठाऊक नव्हते. चांगल्या धान्याची भाकरी, मलम, वनस्पती घातलेला मद्याचा घोट आणि निजायला जागा, एवढेच त्यांच्या हाती होते. त्यांच्या वेदीवर चित्रकाराने जो क्रुसावरील येशू रंगविला, त्याची कातडी हिरवट पडली आहे आणि ती काट्यांनी भरलेली आहे. दुसऱ्या एका फलकाच्या कोपऱ्यात सुजलेल्या पोटाचा, फोडांनी व्यापलेला एक देह दिसतो. व्यथा येथे लपविलेली नाही. मात्र उघडणाऱ्या फलकांमागे तोच येशू तेजाच्या वलयात उठतो आणि त्याची कातडी निर्मळ झालेली असते. आज हे फलक सुटे मांडले असल्याने सर्व बाजूंनी पाहता येतात.

दीर्घ आजारपण सोसणाऱ्याने किंवा त्याची सेवा करणाऱ्याने येथे पंधरा मिनिटे शांत बसावे. आपल्या दुखण्याकडे कोणी तरी इतक्या निरखून पाहिले, याचाही मनाला आधार वाटतो. सोबत्याने तेव्हा घड्याळ पाहू नये.

उरलेले दिवस निवडीने घालवावेत. स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलशेजारील संग्रहालयात त्या मंदिरावरील मूळ शिल्पे जवळून न्याहाळता येतात. दक्षिणेकडील म्युलूझमध्ये छापील कापडाचे संग्रहालय आहे. 1746 पासून तेथे जे छापील कापड निघू लागले, त्या प्रकाराला फ्रेंच लोक ‘इंडियेन’ म्हणतात. मूळ नमुना आपल्या देशाचा. त्याच शहरातील मोटारींचे आणि आगगाड्यांचे संग्रहालय नातवंडांना आवडेल. पण दोन्ही विस्तीर्ण आहेत, म्हणून एकच निवडावे.

निघण्यापूर्वी काही गोष्टी पाहून ठेवाव्यात. तेथील बरीच संग्रहालये सोमवारी किंवा मंगळवारी बंद असतात. चाकाची खुर्ची, उद्वाहक आणि प्रसाधनगृह यांची आगाऊ चौकशी करावी. सकाळी, न्याहारी व औषधे घेऊन जावे. मधुमेह असल्यास साखर जवळ असावी. दालनात खाता येत नाही, हे ध्यानात ठेवून मध्ये बाहेर यावे. जुने, सवयीचे बूट घालावेत.

आणि आई पुन्हा ‘मी इथेच बसते’ म्हणाली, तर तिला दाराशी बसवू नका. चित्रासमोर बसवा, आणि आपणही शेजारी बसा.