बदलापूरची एक मोटार

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या मार्गाला लागली, कीं विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ हीं स्थानकें भराभर मागें पडतात आणि बदलापूर येतें. एके काळीं भातशेतीनें वेढलेल्या या गांवीं आतां उंच इमारतींची दाटी झाली आहे. परंतु उल्हास नदी जवळून वाहतेच, आणि स्वच्छ दिवशीं चंदेरीचा सुळका अजूनहि दृष्टीस पडतो.

गेल्या हिवाळ्यांत मी तेथें गेलों, तो एका दिवंगत स्नेह्याच्या घरीं. त्यांच्या वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले होते. वहिनींनीं मुद्दाम निरोप धाडला होता, "यांची मोटार पुन्हां चालू होते आहे, पाहावयास या."

ही मोटार २०१९ च्या जुलैपासून बंद होती. त्या महिन्याच्या २६ तारखेच्या रात्रीं उल्हास नदीला मोठा पूर आला. बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली आणि दुसऱ्या दिवशीं हजारावर उतारूंची सुटका करावी लागली, हें वाचकांस स्मरत असेल. तेंच पाणी या घराच्या अंगणांत शिरलें आणि मोटार खिडक्यांपर्यंत बुडाली. स्नेही म्हणत, "सवडीनें दुरुस्त करूं." ती सवड त्यांना मिळाली नाहीं. ते गेल्यावर चिरंजीव ती भंगारांत देण्याच्या विचारांत होते. त्यांचें तरी काय चुकलें? वडिलांच्या गाडीचा गंजता सांगाडा रोज पाहणें त्यांना सोसवत नव्हतें. वहिनींना मात्र अंगणांतला तो कोपरा रिकामा झालेला सोसवला नसता.

गाडी होती प्रीमियर पद्मिनी. सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं निघालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी फियाटच्या इटालियन नमुन्याची ही गाडी १९६४ पासून कुर्ल्यास तयार करीत असे. पद्मिनी हें नांव तिला मागाहून मिळालें. अनेक मध्यमवर्गीय घरांतली ही पहिलीच मोटार. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतूनहि ती ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली.

जुन्या मोटारींचा छंद असलेल्या कांहीं मंडळींना या घरची हकीकत कळली. ते आपण होऊन आले, आणि पुढें दर रविवारीं येऊं लागले. यंत्रांतले दट्टे गंजून नळकांड्यांत घट्ट बसले होते. स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून तेल सोडलें आणि बरेच दिवस मुरूं दिलें. एका रविवारीं यंत्र हातानें किंचित् फिरलें, तेव्हां त्या प्रौढ मंडळींनीं लहान मुलांसारख्या टाळ्या पिटल्या म्हणे. ब्रेकांतला चिखल काढला, कार्ब्युरेटर धुतला, तारा नव्या घातल्या, तळाचा कुजलेला पत्रा कापून दुसरा जोडला. सुटे भाग कुर्ल्याच्या भंगारबाजारांतून आणले. जेथें ती जन्मली, तेथेंच तिचे अवयव मिळाले! भागांचे पैसे वहिनींनीं दिले. श्रमाचे मात्र कोणीं घेतले नाहींत. रविवारचे पोहे आणि चहा एवढीच त्यांची मजुरी.

रंग देण्याची वेळ आली, तेव्हां मंडळींपैकीं एकजण म्हणाले, "काकू, डाव्या दाराला पोचा आहे. तेवढा काढून टाकतों."

वहिनी म्हणाल्या, "तो राहूं द्या. यांनीं मला गाडी शिकवली, तेव्हां मीं ती फाटकाच्या खांबावर घातली होती. त्यांनींहि तो कधीं काढूं दिला नाहीं."

पोचा राहिला. परिवहन कार्यालयाची तपासणी होऊन नोंदणीहि पुन्हां झाली.

वर्षश्राद्धानंतर आम्ही त्याच गाडींतून अंबरनाथच्या शिवमंदिरास गेलों. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलें हें शिलाहारकालीन देवालय. त्याच्या शिखराचा वरचा भाग आज नाहीं. तो नव्यानें बांधून कोणीं पुरा केलेला नाहीं. तरी गाभाऱ्यांत पूजा चालते, आणि भाविकांना कांहीं उणें वाटत नाहीं. वहिनी शिखराकडे बराच वेळ पाहत उभ्या होत्या.

घरीं परतल्यावर चिरंजीव गाडी पुसूं लागले. पोच्यापाशीं त्यांचा हात क्षणभर थांबला. मग तो भाग त्यांनीं सर्वांत जपून पुसला. ओट्यावरून वहिनी म्हणाल्या, "झांकून ठेवूं नकोस रे. उद्यां भाजीला हीच घेऊन जाऊं."